तांत्रिक पुस्तिकेची अनुक्रमणिका : शीर्षकशैलीपासून अचूक पृष्ठांकापर्यंत

चारा पिकांविषयीचे संशोधन शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत पोहोचते ते बहुधा पुस्तिकेच्या रूपाने. झाशी येथे १९६२ मध्ये स्थापन झालेली भारतीय गवताळ प्रदेश व चारा संशोधन संस्था, त्याच शहरात १९८८ पासून कार्यरत असलेले आणि पुढे केंद्रीय कृषिवानिकी संशोधन संस्था या नावाने ओळखले जाऊ लागलेले केंद्र, महाराष्ट्रात राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ व उरुळीकांचनची बाएफ संस्था यांच्यासारख्या ठिकाणी जे ज्ञान तयार होते, ते तांत्रिक पुस्तिका, घडीपत्रिका व प्रशिक्षण टिपणे यांतूनच कृषी विज्ञान केंद्रांच्या आणि विस्तार कार्यकर्त्यांच्या हाती येते. अलीकडे अशा पुस्तिका तालुका पातळीवरही तयार होतात. विषयतज्ज्ञ स्वतःच संगणकावर मजकूर टंकित करतो, प्रगतिशील शेतकऱ्यांचा गट स्वतःच्या अनुभवांचे संकलन करतो, आणि फाइल थेट मुद्रणालयाकडे अथवा भ्रमणध्वनीवरून सदस्यांकडे रवाना होते.

या सर्व खटाटोपात एक पान बहुतेक वेळा सर्वांत शेवटी आणि सर्वांत घाईने तयार होते. ते म्हणजे अनुक्रमणिका. पुस्तिकेतील मजकूर कितीही शास्त्रशुद्ध असला, तरी वाचकाला हवे ते पान हव्या त्या क्षणी सापडले नाही, तर त्या मजकुराचा उपयोग निम्म्याने घटतो. प्रस्तुत लेखात अनुक्रमणिका हाताने न लिहिता संगणकाकडून कशी तयार करून घ्यावी, तिची मांडणी मराठी मजकुराला अनुरूप कशी करावी आणि अंतिम प्रत मुद्रणास देण्यापूर्वी कोणती तपासणी करावी, याचे क्रमवार विवेचन केले आहे. मायक्रोसॉफ्ट वर्ड आणि विनामूल्य उपलब्ध असलेले लिब्रेऑफिस रायटर हे दोन कार्यक्रम येथे गृहीत धरले आहेत.

चार पानांचा फरक

उदाहरणादाखल ‘चारा पिके : लागवड, साठवण व सुरक्षित वापर’ या विषयावरील एका छोट्या पुस्तिकेची कल्पना करू. तिच्या पहिल्या मसुद्यातील अनुक्रमणिका पुढीलप्रमाणे आहे :

१. खरीप चारा पिके – पृष्ठ १
ज्वारी – २
मका – ५
२. बहुवार्षिक चारा पिके – ९
संकरित नेपियर – १०
लसूणघास – १३
३. चाऱ्याची साठवण व प्रक्रिया – १७
मुरघास – १८
वाळलेल्या चाऱ्यावर युरिया प्रक्रिया – २१
४. चाऱ्यातून होणारी विषबाधा – २५
किराळ लागणे – २६
पोटफुगी – २९

ही अनुक्रमणिका हाताने टंकित केलेली आहे. शीर्षक लिहिले, पुढे टिंबे दिली आणि शेवटी आकडा टाकला. मसुदा वाचून झाल्यावर दुसऱ्या प्रकरणाच्या अखेरीस छायाचित्रांची चार पाने जोडण्याचे ठरते. छायाचित्रे बसतात, पुस्तिका देखणी होते. तिसऱ्या प्रकरणापासून पुढचे प्रत्येक पान मात्र चारने पुढे सरकलेले असते. मुरघास १८ ऐवजी २२ वर, युरिया प्रक्रिया २१ ऐवजी २५ वर आणि किराळ लागण्याची माहिती २६ ऐवजी ३० वर जाते. अनुक्रमणिकेतील आकडे जागचे हलत नाहीत, कारण ते संगणकाच्या दृष्टीने केवळ टंकित केलेली अक्षरे आहेत.

आता हीच पुस्तिका एखाद्या पशुपालकाच्या हाती आहे असे समजू. मग तो झाशीच्या नगरा भागात दोन म्हशी पाळणारा असो किंवा संगमनेर तालुक्यात दहा गाई असणारा. पावसाच्या ताणात वाढलेली कोवळी ज्वारी त्याच्या जनावराने खाल्ली आहे. अशा ज्वारीत धुरिन नावाच्या घटकापासून हायड्रोसायनिक आम्ल तयार होते, आणि त्याची मात्रा अधिक असल्यास जनावराला धाप लागणे, तोल जाणे, झटके येणे ही लक्षणे अल्पावधीत दिसतात. पशुवैद्यकास तत्काळ पाचारण करणे व सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट यांची इंजेक्शने त्यांच्याकडून दिली जाणे, हाच खरा उपाय. पशुपालक अनुक्रमणिकेत ‘किराळ लागणे’ शोधतो, २६ आकडा वाचतो आणि ते पान उघडतो. तेथे त्याला शंभर किलो वाळलेल्या चाऱ्यास चार किलो युरिया पाण्यात विरघळवून फवारण्याची आणि तो चारा एकवीस दिवस हवाबंद ठेवण्याची कृती दिसते. ती कृती योग्यच आहे, पण त्या क्षणी त्याच्या उपयोगाची नाही. तो पाने मागेपुढे चाळत राहतो, आणि या प्रसंगात मिनिटांना मोल असते.

हा दोष विषयज्ञानाचा नाही, तो मांडणीचा आहे. म्हणूनच तो टाळणे सर्वस्वी पुस्तिका तयार करणाऱ्याच्या हाती आहे.

अनुक्रमणिका लिहावयाची नसते, गोळा करावयाची असते

शब्दसंस्करणाच्या कार्यक्रमात अनुक्रमणिका हा मजकुराचा स्वतंत्र तुकडा नसून मजकुरातील शीर्षकांचे प्रतिबिंब असते. कोणता परिच्छेद शीर्षक आहे आणि ते कोणत्या पातळीचे आहे, एवढे संगणकाला सांगितले की तो सर्व शीर्षके गोळा करतो, प्रत्येकाचे पान पाहतो आणि यादी तयार करतो. पुढे पाने वाढली, प्रकरणांचा क्रम बदलला किंवा शीर्षकाचे शब्द बदलले, तरी यादी पुन्हा गोळा करण्याची आज्ञा देताच ती नव्याने जुळते.

मात्र संगणक अक्षरांचा आकार पाहून शीर्षक ओळखत नाही. एखादी ओळ ठळक केली, मोठी केली, मध्यभागी आणली म्हणून ती शीर्षक ठरत नाही. तिला शीर्षकाची ‘शैली’ द्यावी लागते. शैली म्हणजे त्या परिच्छेदाची ओळख. त्याचे दिसणे हा त्या ओळखीचा परिणाम होय. स्वयंचलित अनुक्रमणिका रिकामी अथवा अर्धवट येते, त्यामागे बहुतांशी हेच कारण असते.

शीर्षकांची उतरंड आधी कागदावर

संगणकापुढे बसण्यापूर्वी शीर्षकांची उतरंड कागदावर ठरवावी. प्रकरण ही पहिली पातळी, प्रकरणातील पीक अथवा विषय ही दुसरी आणि त्या पिकातील पूर्वमशागत, बियाणे, खते, कापणी हे मुद्दे तिसरी पातळी. तीस-चाळीस पानांच्या पुस्तिकेत अनुक्रमणिकेत पहिल्या दोन पातळ्या दाखविणे पुरेसे असते. तिसरी पातळीही घेतल्यास ‘पूर्वमशागत’, ‘पूर्वमशागत’, ‘पूर्वमशागत’ अशा एकसारख्या ओळींनी अनुक्रमणिका दोन-तीन पाने व्यापते आणि शोधणे सोपे होण्याऐवजी अवघड होते.

शीर्षकाचे शब्द निवडताना वाचक कोणत्या शब्दाने शोध घेईल याचा विचार करावा. ‘सायनोजेनिक ग्लुकोसाइडजन्य विकार’ हे शीर्षक शास्त्रीयदृष्ट्या बिनचूक असले, तरी गोठ्यात उभा असलेला माणूस ‘किराळ’ हाच शब्द शोधतो. ‘किराळ लागणे : लक्षणे व तातडीचे उपाय’ असे शीर्षक दिल्यास शास्त्रीय नाव मजकुरात स्पष्ट करता येते. ‘इतर माहिती’, ‘काही महत्त्वाच्या बाबी’ ही शीर्षके अनुक्रमणिकेत काहीच सांगत नाहीत, ती टाळावीत. शीर्षक शक्यतो एका ओळीत मावणारे असावे.

शीर्षकशैली लागू करणे

वर्डमध्ये शीर्षकाच्या ओळीवर कर्सर ठेवून ‘होम’ टॅबमधील ‘स्टाइल्स’ या गटातून प्रकरणासाठी ‘हेडिंग १’, त्याखालील विषयासाठी ‘हेडिंग २’ व मुद्द्यासाठी ‘हेडिंग ३’ निवडावे. ‘कंट्रोल’ व ‘ऑल्ट’ या कळा दाबून १, २ अथवा ३ दाबल्यासही त्याच शैली लागू होतात. रायटरमध्येही याच नावांच्या शैली असून त्या परिच्छेदशैलींच्या यादीतून निवडता येतात.

शैलीचे मूळ रूप मराठी पुस्तिकेस बहुधा शोभत नाही. ते बदलण्यासाठी प्रत्येक शीर्षकावर स्वतंत्र संस्कार न करता शैलीतच बदल करावा. वर्डमध्ये शैलीच्या नावावर उजवी कळ दाबून ‘मॉडिफाय’, त्यानंतर ‘फॉरमॅट’ व ‘फाँट’ असा मार्ग आहे. येथे मराठीत काम करणाऱ्यांनी एक बाब आवर्जून लक्षात ठेवावी. फाँटच्या या चौकटीत दोन विभाग असतात : एक रोमन लिपीसाठी आणि दुसरा ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ या नावाचा. देवनागरी या दुसऱ्या विभागात मोडते. पहिल्या विभागात आकार १६ केला आणि दुसऱ्यात ११ राहिला, तर इंग्रजी अक्षरे मोठी होतात, मराठी शीर्षक मात्र आहे तेवढेच राहते. ‘आकार बदलूनही बदलत नाही’ या नेहमीच्या तक्रारीचे मूळ बहुधा येथे असते. रायटरमध्ये हाच विभाग ‘सीटीएल फाँट’ या नावाने येतो. तो दिसत नसल्यास ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’ यांतील भाषाविषयक पर्यायांत ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ ही खूण करावी लागते.

शैली लागू झाल्यावर वर्डमधील ‘व्ह्यू’ टॅबमधून ‘नेव्हिगेशन पेन’ उघडावे. पडद्याच्या डाव्या बाजूस शीर्षकांची उतरंड दिसते. हीच उद्याची अनुक्रमणिका होय. एखादे शीर्षक तेथे दिसत नसेल तर त्यास शैली दिलेली नाही. एखादा पूर्ण परिच्छेद तेथे दिसत असेल तर त्यास चुकून शीर्षकशैली लागली आहे. दोन्ही दोष येथेच दुरुस्त करावेत. रायटरमध्ये हेच काम ‘नॅव्हिगेटर’ करतो.

आणखी तीन बाबी पाहाव्यात. शीर्षकाच्या परिच्छेदातच चित्र बसविलेले असल्यास ते चित्रही अनुक्रमणिकेत अवतरू शकते. चित्र स्वतंत्र परिच्छेदात ठेवावे. शीर्षक दोन ओळींत तोडण्यासाठी ‘शिफ्ट’ व ‘एंटर’ वापरले असल्यास तीच तोड अनुक्रमणिकेतही येते. आणि निरनिराळ्या लेखकांची प्रकरणे एका फाइलमध्ये एकत्र करताना मजकूर चिकटविण्याच्या पर्यायांपैकी ‘यूज डेस्टिनेशन स्टाइल्स’ हा निवडावा, म्हणजे सर्व प्रकरणांच्या शीर्षकशैली एकसारख्या राहतात.

अनुक्रमणिका घालणे

मुखपृष्ठ व प्रस्तावना यांनंतर जेथे अनुक्रमणिका हवी तेथे ‘अनुक्रमणिका’ हे शीर्षक साध्या परिच्छेदात टंकित करावे. त्यास ‘हेडिंग १’ देऊ नये, अन्यथा अनुक्रमणिकेत अनुक्रमणिकेचीच नोंद येते. त्याखाली कर्सर ठेवून वर्डमध्ये ‘रेफरन्सेस’ टॅब, ‘टेबल ऑफ कन्टेन्ट्स’ आणि सर्वांत खालचा ‘कस्टम टेबल ऑफ कन्टेन्ट्स’ हा पर्याय निवडावा. वरचे तयार नमुने सोयीचे असले, तरी त्यांचे शीर्षक इंग्रजीत येते आणि पातळ्यांची संख्या तेथे ठरविता येत नाही.

उघडलेल्या चौकटीत पृष्ठांक दाखविणे व ते उजवीकडे जुळविणे या दोन खुणा कायम ठेवाव्यात, शीर्षक व पृष्ठांक यांमधील टिंबांची ओळ निवडावी आणि ‘शो लेव्हल्स’ येथे २ हा आकडा द्यावा. रायटरमध्ये ‘इन्सर्ट’, ‘टेबल ऑफ कन्टेन्ट्स अँड इंडेक्स’ या मार्गाने हीच चौकट येते. तेथे ‘प्रोटेक्टेड अगेन्स्ट मॅन्युअल चेंजेस’ ही खूण असू द्यावी, म्हणजे अनुक्रमणिकेत कोणी हाताने फेरफार करू शकत नाही.

मांडणी : नोंदीला नव्हे, शैलीला हात लावावा

अनुक्रमणिका दिसू लागताच तिच्यातील ओळी निवडून ठळक करण्याचा किंवा मोकळ्या जागा देऊन सरकविण्याचा मोह होतो. तो आवरावा. अनुक्रमणिका पुढच्या वेळी नव्याने गोळा होते तेव्हा हे सर्व संस्कार पुसले जातात. अनुक्रमणिकेच्या प्रत्येक पातळीस स्वतःची शैली असते. वर्डमध्ये ती ‘टीओसी १’, ‘टीओसी २’ या नावाने आणि रायटरमध्ये ‘कन्टेन्ट्स १’, ‘कन्टेन्ट्स २’ या नावाने आढळते. बदल तेथेच करावा. वर्डमध्ये अनुक्रमणिकेच्या चौकटीत ‘फॉरमॅट्स’ समोर ‘फ्रॉम टेम्प्लेट’ असेल तरच ‘मॉडिफाय’ ही कळ उपलब्ध होते.

पहिल्या पातळीस ठळक अक्षरे व वर थोडी मोकळी जागा द्यावी. दुसऱ्या पातळीस डावीकडून सुमारे अर्धा ते एक सेंटिमीटर आत घ्यावे. लांब शीर्षके दुसऱ्या ओळीवर जात असतील तर परिच्छेदास ‘हँगिंग’ प्रकारचा इंडेंट व उजवीकडे सुमारे एक सेंटिमीटरचा इंडेंट द्यावा; मजकूर पृष्ठांकांच्या स्तंभात घुसत नाही व आकडे एका रेषेत राहतात.

पृष्ठांकांची ही रेषा उजव्या टॅबने ठरते. तिचे गणित सोपे आहे : कागदाच्या रुंदीतून दोन्ही समास वजा करावेत. ए-४ कागदाची रुंदी २१ सेंटिमीटर असते. दोन्ही समास प्रत्येकी २.५ सेंटिमीटर असल्यास टॅब १६ सेंटिमीटरवर येतो. पुस्तिकेसाठी नेहमी वापरला जाणारा ए-५ कागद १४.८ सेंटिमीटर रुंद असतो; प्रत्येकी २ सेंटिमीटरचे समास सोडल्यास टॅब १०.८ सेंटिमीटरवर येतो. ए-४ वर मसुदा तयार करून नंतर कागद ए-५ केला आणि शैलीत १६ सेंटिमीटरचा टॅब तसाच राहिला, तर पृष्ठांक मजकुराच्या सीमेबाहेर जातात. म्हणून कागदाचा आकार आरंभीच निश्चित करावा.

ओळींतील अंतराविषयीही देवनागरीची गरज वेगळी आहे. वेलांट्या, रफार व अनुस्वार अक्षराच्या वर आणि उकार व जोडाक्षरांचे भाग खाली येतात. ओळीचे अंतर ‘एक्झॅक्टली’ या पर्यायाने आवळून ठेवल्यास हे भाग कापले जातात. ‘मल्टिपल’ हा पर्याय घेऊन १.१५ च्या आसपास अंतर ठेवणे इष्ट.

जुने फाँट आणि युनिकोड

अनेक संस्थांकडील जुन्या पुस्तिका युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकित केलेल्या आहेत. अशा फाँटमध्ये संगणकाच्या स्मृतीत रोमन अक्षरांचेच संकेत असतात. फाँट त्यांना मराठी अक्षरांचे रूप देतो. शीर्षकाचा फाँट शीर्षकशैलीतून दिलेला असल्यास अनुक्रमणिकेत तो येत नाही, कारण तेथे अनुक्रमणिकेच्या शैलीचा फाँट लागू होतो. परिणामी मजकुरात नीट दिसणारे ‘मुरघास’ अनुक्रमणिकेत निरर्थक रोमन अक्षरांच्या रूपाने उमटते. तात्पुरता उपाय म्हणून ‘टीओसी’ शैलींनाही तोच जुना फाँट देता येतो. तथापि अशा फाइलपासून तयार केलेल्या पीडीएफमध्ये मराठी शब्दाचा शोध घेता येत नाही आणि भ्रमणध्वनीवर मजकूर पुन्हा वापरता येत नाही. कायमचा उपाय म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेणे. रूपांतरानंतर जोडाक्षरे, रफार आणि विशेषतः मात्रांचे आकडे डोळ्यांखालून घालावेत. मंगल, निर्मला, नोटो किंवा मुक्ता यांसारखे युनिकोड फाँट सहज उपलब्ध आहेत.

पृष्ठांकांची रचना

मराठी ग्रंथांत प्रस्तावना, मनोगत व अनुक्रमणिका या आरंभीच्या पृष्ठांना ‘एक, दोन, तीन’ असे अक्षरी क्रमांक देऊन मुख्य मजकुराचे पृष्ठ १ पासून मोजण्याची रीत रूढ आहे. तीमागे व्यवहार आहे : प्रस्तावना लांबली तरी मुख्य मजकुराचे पृष्ठांक बदलत नाहीत.

ही रचना साधण्यासाठी आरंभीची पृष्ठे आणि पहिले प्रकरण यांमध्ये ‘सेक्शन ब्रेक’ घालावा. त्यातील ‘नेक्स्ट पेज’ हा प्रकार निवडावा. दुसऱ्या विभागाच्या तळटीप-पट्टीत ‘लिंक टू प्रीव्हियस’ ही जोड काढून टाकावी आणि ‘फॉरमॅट पेज नंबर्स’ येथे ‘स्टार्ट अ‍ॅट’ समोर १ द्यावा. पहिल्या विभागाचे अक्षरी क्रमांक मोजक्या पानांपुरते असल्याने ते हाताने दिले तरी चालतात; मात्र मग त्या पृष्ठांवरील मजकुरास शीर्षकशैली न देता अनुक्रमणिकेत फक्त मुख्य भाग येऊ द्यावा. कार्यक्रमातील तयार अक्षरी क्रमांक हिंदीचे असल्यास ‘एक, दो, तीन’ असे उमटतात, हेही ध्यानात असू द्यावे.

पृष्ठांक देवनागरी अंकांत हवे असल्यास ‘फॉरमॅट पेज नंबर्स’ मधील अंकप्रकारांच्या यादीत ‘१, २, ३’ हा पर्याय पाहावा. संगणकाच्या भाषा-पर्यायांत हिंदी अथवा मराठी जोडलेली असल्यास तो बहुधा उपलब्ध होतो. पानाच्या तळाशी जो अंकप्रकार असेल तोच अनुक्रमणिकेत आला पाहिजे. पानावर २६ आणि अनुक्रमणिकेत रोमन आकडा, अशी विसंगती ठेवू नये.

तक्ते व आकृत्यांची यादी

चारा पिकांच्या पुस्तिकेत विस्तार कार्यकर्ता अनेकदा प्रकरण नव्हे, तर तक्ता शोधत असतो : बियाण्याचे प्रमाण, खतांच्या मात्रा, कापणीचे वेळापत्रक. तक्त्यांची संख्या पाच-सहापेक्षा अधिक असल्यास त्यांची स्वतंत्र यादी द्यावी. प्रत्येक तक्त्याचे शीर्षक ‘रेफरन्सेस’ मधील ‘इन्सर्ट कॅप्शन’ ने द्यावे. ‘न्यू लेबल’ मधून ‘तक्ता’ अथवा ‘छायाचित्र’ असे मराठी नाव तयार करता येते. त्यानंतर ‘इन्सर्ट टेबल ऑफ फिगर्स’ या आज्ञेने पृष्ठांकांसह यादी मिळते. मध्ये नवा तक्ता घातल्यास पुढच्या तक्त्यांचे क्रमांकही आपोआप बदलतात.

अद्ययावत करणे

स्वयंचलित अनुक्रमणिका बदल टिपते, पण सांगितल्यावरच टिपते. मजकूर बदलल्यावर तिच्यावर कर्सर ठेवून ‘एफ ९’ ही कळ दाबावी. वर्ड दोन पर्याय पुढे ठेवतो : केवळ पृष्ठांक बदलणे किंवा संपूर्ण अनुक्रमणिका बदलणे. शीर्षकाचा एखादा शब्द बदलला असेल, नवे शीर्षक आले असेल किंवा जुने गळाले असेल, तर दुसरा पर्यायच आवश्यक असतो. कोणता बदल झाला हे आठवत नसल्यास नेहमी दुसराच निवडावा. रायटरमध्ये अनुक्रमणिकेवर उजवी कळ दाबून ‘अपडेट इंडेक्स’ निवडावे.

वर्डच्या ‘ऑप्शन्स’ मधील ‘डिस्प्ले’ या भागात ‘अपडेट फील्ड्स बिफोर प्रिंटिंग’ ही खूण करून ठेवणे हितावह आहे. पृष्ठांकाच्या जागी बुकमार्क सापडत नसल्याचा इंग्रजी त्रुटिसंदेश दिसल्यास मूळ शीर्षक काढले गेले आहे असे समजावे व संपूर्ण अनुक्रमणिका पुन्हा गोळा करावी. असा संदेश छापील पुस्तिकेत उमटणे ही केवळ दुर्लक्षाची खूण होय.

मुद्रणप्रत आणि भ्रमणध्वनीवरील प्रत

वर्डची फाइल जशीच्या तशी मुद्रणालयाकडे पाठविण्यात मोठा धोका आहे. तेथील संगणकावर तो फाँट नसेल तर दुसरा फाँट लागतो, ओळी लांबतात, पाने सरकतात आणि आपल्याकडे अचूक असलेली अनुक्रमणिका तेथे चुकीची ठरते. म्हणून सर्व बदल संपल्यावर अनुक्रमणिका अद्ययावत करून पीडीएफ तयार करावी व तीच पाठवावी. पीडीएफमध्ये फाँट अंतर्भूत होतात आणि पाने स्थिर राहतात.

पीडीएफ ‘सेव्ह अ‍ॅज’ अथवा ‘एक्स्पोर्ट’ या मार्गाने करावी आणि ‘ऑप्शन्स’ मध्ये शीर्षकांवरून बुकमार्क तयार करण्याची खूण द्यावी. अशा पीडीएफमध्ये अनुक्रमणिकेतील ओळीवर बोट ठेवताच ते पान उघडते. ‘प्रिंट टू पीडीएफ’ या मार्गाने केलेल्या प्रतीत हे दुवे राहत नाहीत. पुस्तिका आज गटागटांतून भ्रमणध्वनीवर फिरते आणि चार इंचांच्या पडद्यावर चाळीस पाने सरकवत शोध घेणे कोणालाही जमत नाही, हे लक्षात घेता या एका खुणेचे महत्त्व मोठे आहे.

अंतिम तपासणी

मुद्रणास संमती देण्यापूर्वी पुढील क्रम पाळावा :

• कागदाचा आकार, समास, फाँट व सर्व चित्रे निश्चित झाली आहेत, याची खात्री करावी.
• शीर्षकांची उतरंड नेव्हिगेशन पेनमध्ये एकदा वरपासून खालपर्यंत वाचावी.
• संपूर्ण अनुक्रमणिका अद्ययावत करावी. अनुक्रमणिकेची पाने वाढली असल्यास पुन्हा एकदा अद्ययावत करावी.
• पीडीएफ तयार करून तीतील पहिली, शेवटची व मधल्या तीन-चार नोंदी प्रत्यक्ष पान उघडून पडताळाव्यात.
• विषबाधा, औषधांच्या मात्रा, युरियाचे प्रमाण यांसारख्या नोंदी नमुन्यादाखल न तपासता प्रत्येक स्वतंत्रपणे पडताळावी.
• शेवटी पुस्तिका तयार करण्यात सहभागी नसलेल्या व्यक्तीच्या हाती प्रत द्यावी आणि ‘किराळ लागल्यास काय करावे ते शोधा’ एवढेच सांगावे.

ही शेवटची कसोटी सर्वांत साधी आणि सर्वांत विश्वसनीय आहे. त्या व्यक्तीने अनुक्रमणिकेवरून थेट ३० वे पान उघडले, तर काम पूर्ण झाले. तिने पाने चाळण्यास आरंभ केला, तर पृष्ठांक चुकला आहे किंवा शीर्षकाचे शब्द वाचकाच्या ओळखीचे नाहीत. दोन्ही दुरुस्त्या छपाईपूर्वी काही मिनिटांत होतात, छपाईनंतर प्रत्येक प्रतीवर शुद्धिपत्र चिकटवावे लागते.

शेतात वाफे पाडताना पाणी कोठून येईल आणि कोठे जाईल याचा विचार आधी केला जातो. पाणी सोडल्यानंतर बांध घालत कोणी धावत नाही. पुस्तिकेतील शीर्षकशैली हे तसेच आधी करावयाचे काम आहे. ते आरंभी नीट केले की मजकुरात कितीही फेरफार झाले, तरी वाचक योग्य त्या पानावर पोहोचतो.